किडनीचं पथ्य: रिपोर्ट हातात घेऊन ताट कसं लावायचं

किडनीचा आजार आहे असं कळलं की घरात पहिल्यांदा होते ती हकालपट्टी. डाळ बंद, भाज्या बंद, फळं बंद, दूध बंद. नातेवाइकांकडून आणि मोबाइलवरून आलेल्या याद्या एकत्र केल्या तर खायला पांढरा भात आणि साबुदाणा एवढंच उरतं. दोन-तीन महिन्यांत वजन उतरतं, अंगातलं बळ जातं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम पाहण्यासाठी रक्तात मोजतात तो घटक, जरा कमी दिसला म्हणून घरचे खूश होतात. पण क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होतं. स्नायू झिजले की ते कमी दिसणारच, किडनी सुधारली असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून पथ्य ठरवायचं ते यादीवरून नव्हे, स्वतःच्या रिपोर्टवरून. एकाच टप्प्यावरच्या दोन रुग्णांपैकी एकाला केळं चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही, यात विसंगत काही नाही.

आधी रिपोर्ट

ताज्या रिपोर्टमधले हे आकडे एका कागदावर लिहून घ्या: ईजीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज), पोटॅशियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), हिमोग्लोबिन, मधुमेह असेल तर एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन. सोबत सध्याचं वजन, रक्तदाब, पायावर सूज आहे की नाही आणि चालू औषधांची नावं.

ईजीएफआर साठच्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला की आजार तिसऱ्या टप्प्यात गेला असं धरतात. ३० ते ५९ तिसरा टप्पा, १५ ते २९ चौथा, १५च्या खाली पाचवा. तिसऱ्या टप्प्यात बहुतेकांना मीठ आवरणं आणि प्रथिनं माफक ठेवणं एवढंच पुरतं. पोटॅशियम आणि फॉस्फरसचं बंधन आकडा वाढला तरच. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ आणि फॉस्फरस २.५ ते ४.५ या हद्दीत असेल तर भाज्या-फळं तोडू नका. त्यांच्यातला चोथा पोट साफ ठेवतो, आणि बायकार्बोनेट कमी असेल, म्हणजे रक्तात आम्ल वाढलं असेल, तर भाज्या-फळांचा उलट उपयोगच होतो.

पहिलं काम मिठाचं

हे मात्र जवळजवळ प्रत्येकाला लागू. दिवसाला सोडियम २ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे मीठ ५ ग्रॅम. हा एक सपाट भरलेला छोटा चमचा झाला, आणि त्यात सगळं आलं: आमटीतलं, भाजीतलं, पोळीच्या पिठातलं, लोणच्यातलं, बिस्किटातलं. मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो, लघवीतून जाणारं प्रथिन वाढतं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणाम कमी पडतो.

अंदाजाने मीठ कमी होत नाही, ते मोजावं लागतं. सकाळी एका छोट्या डबीत रुग्णाच्या वाट्याचं ३ ग्रॅम मीठ काढून ठेवा, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. उरलेले २ ग्रॅम ब्रेड, बिस्किटं, दूध-दही अशा पदार्थांतून नकळत जाणाऱ्या सोडियमसाठी सोडायचे. पोळी, भाकरी आणि भात पूर्ण अळणी करा. भाजीबरोबर खाताना ते जाणवत नाही. डबीतलं मीठ फक्त भाजी-आमटीला. घरात बाकीच्यांना नेहमीची चव हवी असेल तर फोडणी आणि शिजवणं एकत्रच करा, मीठ घालण्याआधी रुग्णाची वाटी बाजूला काढा आणि त्याच्या डबीतलं मीठ तिच्यात वरून घाला. वरून घातलेलं मीठ जिभेला जास्त लागतं, त्यामुळे कमीत भागतं. सुरुवातीचे तीन-चार आठवडे सगळं बेचव लागेल. नंतर जिभेला सवय होते आणि बाहेरचं खाणं खारट वाटू लागतं.

चवीची भर आंबट-तिखटाने काढायची. लिंबू, आलं, लसूण, जिरं, मिरी, ओवा, हिंग, कढीपत्ता, माशाच्या आमटीत तिरफळं. पण आमसुलं मीठ लावून वाळवलेली असतात आणि आगळात तर मीठ भरपूर, म्हणून आमसूल धुऊन घ्या आणि त्या दिवशी आमटीत वेगळं मीठ घालू नका. घरचा कांदा-लसूण मसाला किंवा काळं तिखट टिकावं म्हणून त्यातही मीठ घातलेलं असतं. पुढच्या वेळी रुग्णासाठी थोडा मसाला बिनमिठाचा काढून ठेवा.

उरलेलं मीठ कुठे लपतं ते आपल्याला ठाऊकच आहे: लोणचं, पापड, सांडगी मिरच्या, फरसाण, खारी, सुकट, सुके बोंबील, इन्स्टंट नूडल्स, सॉस. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि तोही सोडियमच. खाण्याचा सोडा आणि ढोकळ्यात घालतात ते फ्रूट सॉल्ट याच हिशोबात धरा. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.

सैंधव आणि पादेलोण हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्यांना वेगळी सूट नाही. त्याहून मोठा धोका ‘लो सोडियम’ मिठाचा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून घरी आणलेलं हेच मीठ किडनीच्या रुग्णाचं पोटॅशियम धोकादायक पातळीला नेऊ शकतं. पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड किंवा आयएनएस ५०८ (खाद्यपदार्थात घातलेल्या द्रव्यांना दिलेल्या क्रमांकांतला त्याचा क्रमांक) दिसलं तर ते रुग्णाच्या स्वयंपाकात वापरू नका.

प्रथिनं: किती, आणि ती कशातून

डायलिसिस सुरू नसेल तर तिसऱ्या टप्प्यापासून पुढे किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि १.३च्या वर कधीच नाही, असा साधारण नियम आहे. काही रुग्णांना डॉक्टर ०.६पर्यंत खाली आणतात, पण ते आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. घरच्या घरी करायचा प्रयोग नव्हे. वजन धरायचं ते सूज नसतानाचं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम.

हिशोबासाठी हे आकडे पुरे आहेत. ३० ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे शिजल्यावर वाटीभर घट्ट वरण: साडेसहा ते सात ग्रॅम. ३० ग्रॅम कणकेची एक पोळी: सव्वातीन ग्रॅम. ४० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी: चार ग्रॅम. ४० ग्रॅम तांदळाचा भात: तीन ग्रॅम. १०० मिलिलिटर दूध किंवा तेवढंच दही: तीन-सव्वातीन ग्रॅम. एक अंडं: सहा ग्रॅमच्या वर, त्यातला नुसता पांढरा भाग साडेतीन. १०० ग्रॅम कच्ची कोंबडी किंवा मासळी: अठरा ते बावीस. ४० ग्रॅम पनीर: सात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे: सात-आठ. पहिला आठवडाभर वजनकाटा वापरा आणि घरातली एकच वाटी, एकच डाव ठरवून घ्या. पुढे हाताला अंदाज येतो.

त्या ४८ ग्रॅमचा एक दिवस असा बसतो. सकाळी चहा आणि ५० ग्रॅम पोह्यांचे दाणे न घातलेले कांदेपोहे. दुपारी दोन पोळ्या, दुधी किंवा दोडक्याची भाजी, वाटीभर वरण, वाटीभर भात, १०० ग्रॅम दही. चार वाजता चहा आणि एक सफरचंद. रात्री दोन भाकरी, कोबीची भाजी, अर्धी वाटी भात आणि दोन अंड्यांच्या पांढऱ्या भागाची भुर्जी किंवा ४० ग्रॅम पनीर. हे सगळं मिळून ४५-४६ ग्रॅम प्रथिनं होतात.

पण कॅलरी होतात जेमतेम १६००, आणि ६० किलोच्या माणसाला साधारण १८०० लागतात. घरोघरी चूक होते ती इथे. प्रथिनं मोजून कमी केली जातात, पण त्या जागी दुसरं काहीच येत नाही. मग शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, युरिया उलट वाढतो आणि पथ्याचा हेतूच फसतो. ही भर अशा पदार्थांतून काढायची ज्यांत प्रथिनं कमी आणि ऊर्जा जास्त: भातावर आणि पोळीला मिळून तीन चमचे तूप-तेल, तांदळाच्या पिठाचं एखादं घावन, साबुदाण्याची पेज, मधुमेह नसेल तर थोडी साखर. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर तुपाऐवजी तेल.

डाळ पूर्ण बंद करण्याचं कारण नाही. डाळीतलं फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेलं असतं आणि त्यातलं बरंच शरीराला शोषता येत नाही. बंद करायची ती प्रोटीन पावडर. ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून ती आणून देतात. ठरलेल्या हिशोबावर भर टाकण्यापलीकडे त्यातून काही मिळत नाही.

पोटॅशियम: आकडा वाढला असेल तरच

रिपोर्टमध्ये ५.५ दिसलं तर भाजीवर संशय घेण्याआधी चार गोष्टी तपासा. रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या तर आकडा खोटा वाढतो. डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतील. रॅमिप्रिल, टेलमिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या औषधांनी पोटॅशियम वाढतं. मात्र ती किडनीला किंवा हृदयाला जपण्यासाठीच दिलेली असतात, त्यामुळे आपल्या मनाने थांबवायची नाहीत. तिसरी गोष्ट बद्धकोष्ठता: किडनी मंदावल्यावर पोटॅशियमचा बराच भाग शौचावाटे जातो, तीन दिवस पोट साफ झालं नाही तर तो अंगातच राहतो. चौथी, रक्तातली साखर फार वाढलेली असणं.

एवढं बघूनही बंधन लागलंच, तर साधारण २००० ते ३००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. त्यात सगळ्यात आधी जायला हवं ते शहाळं. २०० मिलिलिटर नारळपाण्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, आणि आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण तेच घेऊन येतो. त्याच्याबरोबर खजूर, मनुका, सुकं अंजीर, केळं, फणस, गव्हांकुराचा रस, नोनीचा रस आणि टोमॅटोचं सूप. गूळही, साखरेत पोटॅशियम जवळपास नसतं, गुळात ते १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या घरात असतं. गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून चहात घालण्याची हल्ली पद्धत पडली आहे, ती या रुग्णांना सोयीची नाही.

चालण्यासारखं बरंच उरतं. फळांत सफरचंद, पेर, अननस, जांभूळ, पपईच्या दोन फोडी. एका वेळी १०० ग्रॅम, दिवसातून एक-दोनदा. हापूसच्या दोन फोडी साखर ताब्यात असेल तर बसतात. भाज्यांत दुधी, दोडका, पडवळ, कोबी, काकडी, तोंडली, ढोबळी मिरची, कांदा. बटाटा, रताळं, सुरण, पालक, अळू आणि शेवगा जास्तीच्या बाजूचे. तेही कायमचे सोडायचे नाहीत, पाणी काढून खायचे.

पाणी काढायची रीत अशी. बटाटा सोलून लहान चौकोनी फोडी करा, धुवा, भाजीच्या निदान चौपट पाण्यात घालून उघड्या पातेल्यात मऊ होईपर्यंत उकळा, पाणी ओतून द्या, मग फोडणी द्या. यात पोटॅशियम निम्म्याच्या आसपास उतरतं. फोडी जितक्या बारीक तितकं जास्त. नुसतं गार पाण्यात रात्रभर भिजवून फारसं काही जात नाही, आणि अख्खा बटाटा सालासकट उकडला तर आतलं आतच राहतं. प्रेशर कुकरमध्ये भाजी पाण्यासकट शिजवून ते पाणी तसंच रश्श्यात घेतलं तर सगळी मेहनत फुकट. पालेभाजी चिरून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, पिळून घ्या आणि मग परता.

हेच सूत्र उलट लावलं की लक्षात येईल, कटाची आमटी का नको. पुरणाच्या डाळीतून जे पाण्यात उतरलं, तेच कटात असतं. ‘पचायला हलकं’ म्हणून आजाऱ्याला दिलं जाणारं डाळीचं पाणी आणि भाज्यांचं सूपही त्याच जातीचं.

उपवास हा वेगळाच मामला. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण किडनीच्या रुग्णाला अक्षरशः लागू पडते, कारण उपवासाचं ताट म्हणजे बटाटा, रताळं, दाण्याचं कूट, राजगिरा, केळं, खजूर, शहाळं: एकजात पोटॅशियमवाले. करायचाच असेल तर वरीचा भात आणि दाण्याच्या आमटीऐवजी दह्याची पातळ कढी. किंवा साबुदाण्याची खिचडी, उकळून पाणी काढलेल्या थोड्या बटाट्याची, कूट चमचाभर. निर्जळी उपवास मात्र करू नये. अंगातलं पाणी कमी झालं की उरलेल्या किडनीलाच फटका बसतो, शिवाय मधुमेहाची औषधं चालू असतात.

एक फळ असं आहे की पोटॅशियम कितीही असो, खायचंच नाही. कमरख, कोकणात-गोव्यात करमळ किंवा करंबळ म्हणतात ते, बाजारात स्टारफ्रूट. त्यातलं एक विषारी द्रव्य निरोगी किडनी बाहेर टाकते. आजारी किडनीला ते जमत नाही आणि ते मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, झटके, आणि मृत्यूसुद्धा ओढवला आहे. एक फळही नको, लोणचंही नको. बिमली या आंबट फळाच्या रसात किडनीला घातक असं ऑक्झलेट अतोनात असतं, तो पिऊन चांगल्या किडन्या बिघडलेल्या आहेत. रुग्णाने त्या वाटेला जाऊच नये.

फॉस्फरस पाकिटात बघा

फॉस्फरस वाढलं की दूध-डाळी बंद करायला सांगणारे भरपूर, पाकिटं वाचायला सांगणारे कमी. वनस्पतींतलं फॉस्फरस निम्म्याहूनही कमी शोषलं जातं, दूध-मांसातलं साधारण निम्मं. कारखान्यात घातलेला फॉस्फेट क्षार मात्र जवळजवळ सगळाच्या सगळा रक्तात उतरतो. काळी कोला पेयं, प्रोसेस्ड चीज, गोठवलेले नगेट्स आणि सॉसेज, तयार केक-मिक्स यांच्या घटकयादीत ‘फॉस्फेट’ हा शब्द किंवा आयएनएस ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे क्रमांक शोधा. दिसले की ठेवून द्या. यानंतरही आकडा खाली येत नसेल तर दूध-दही दिवसाला मिळून २०० मिलिलिटरवर आणा आणि अंड्याचा पिवळा भाग कमी करा. अंड्यातलं बहुतेक सगळं फॉस्फरस त्याच भागात असतं.

डॉक्टरांनी सेव्हेलामर किंवा कॅल्शियम ॲसिटेट दिलं असेल तर ते जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायचं. अन्नातलं फॉस्फरस आतड्यात पकडणं हे त्याचं काम. जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली गोळी वाया गेली.

पाणी

‘भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल’ आणि ‘किडनीचा आजार म्हणजे पाणी कमी’ ही दोन्ही वाक्यं सरसकट चुकीची. सूज नाही, दम लागत नाही आणि लघवी नेहमीसारखी होते, तर तहानेप्रमाणे प्या. लघवी घटली, सूज आली किंवा डायलिसिस सुरू झालं की बंधन येतं: साधारणपणे आदल्या दिवशीची लघवी मोजून तीत ५०० मिलिलिटर मिळवतात. या मोजात चहा, ताक, पातळ आमटी, कढी, बर्फ, कलिंगड सगळं येतं. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा. चहाचा कप प्यायलात की तेवढं बाटलीतून ओतून टाका. मीठ न आवरता पाणी आवरणं कुणालाच जमत नाही, तहान मिठाची असते.

डायलिसिस सुरू झालं की जुना कागद फाडा

डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक वाहून जातात. त्यामुळे गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर जाते, ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. वर्षानुवर्षं ‘प्रथिनं कमी’ ऐकलेला रुग्ण नेमकं इथेही तसंच खात राहतो आणि अल्ब्युमिन घसरत जातं. रोज अंडी, मासळी, चिकन किंवा पनीर यांपैकी काहीतरी दोन वेळा हवं. शाकाहारी माणसाला डाळीचं प्रमाण वाढवून पोटॅशियमवर नजर ठेवावी लागते. मीठ, पाणी आणि पोटॅशियमचं बंधन मात्र आता अधिक कडक. पोटातून होणाऱ्या डायलिसिसमध्ये पोटॅशियमची सवलत बऱ्याचदा मिळते, आपल्या आकड्यावरून विचारून घ्या. प्रत्यारोपणानंतर हिशोब पुन्हा बदलतो: शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या चालू असताना पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य, आणि उघड्यावरचं कच्चं खाणं बंद.

साखर उतरली, उलट्या झाल्या, पाय लुळे पडले

मधुमेही रुग्णात किडनी मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं आणि साखर अचानक उतरण्याचा धोका वाढतो. अशा वेळी संत्र्याचा रस किंवा केळं नको. तीन छोटे चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७०च्या खाली असेल तर परत तेवढीच. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं, त्यामुळे किती द्यायचं ते त्यांनाच विचारा. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दुकानातून आणू नका. किडनीसाठी म्हणून मिळणारे काढे आणि भस्मं यांबद्दलही तेच. त्यांत काय आहे आणि किती, हे पुडीवरून कळत नाही.

आणि पोटॅशियम फार वाढल्याची खूण: पाय एकाएकी लुळे वाटणं, छातीत धडधड, नाडी मंद पडणं. पुष्कळदा तर काहीच जाणवत नाही, रिपोर्टमध्येच सहाच्या वर आकडा येतो. दोन्ही वेळा पथ्य करून बघूया असं म्हणत थांबायचं नाही; लगेच ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा, आणि औषधांचा कागद बरोबर न्या.